पुण्याच्या रुग्णवाहिकेवर जाऊ का?

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी बीएएमएस डॉक्टर, वय 31. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 20 खाटांच्या खासगी रुग्णालयात चार वर्षांपासून आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आहे. बहुतेक नाईटच असते. मिस्टर झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत. मुलगी चार वर्षांची आहे, सासू-सासरे सोबत असतात.

गेल्या श्रावणात रात्री दोनच्या सुमारास छातीत दुखतंय म्हणून एक शेतकरी आले. ईसीजी पाहिला आणि साताऱ्याला पाठवायचं ठरवलं. 108 ची गाडी आली, मीही सोबत बसले. वाटेत त्यांचं हृदय थांबलं. गाडीवरच्या डॉक्टरांनी सीपीआर सुरू केला, म्हणजे छाती दाबायला घेतली, शॉक दिला, आणि माणूस परत आला. महिन्याभराने ते पेढे घेऊन रुग्णालयात आले. तेव्हापासून माझं वॉर्डात मन लागत नाही. पुण्यात माझी कॉलेजची मैत्रीण रुग्णवाहिकेवर आहे. तिच्याकडे जागा निघणार आहेत, पगार थोडा जास्त आहे. ती म्हणते, कामाला दम घ्यायला फुरसत नसते, पण मजा येते.

मला इथलंही काही आवडतं. सकाळी राउंडच्या आधी प्रत्येक पेशंटजवळ पाच मिनिटं बसते, रात्र कशी गेली ते विचारते. सासरे म्हणतात, डॉक्टर होऊन गाडीवर फिरायचं का? मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे काम मला झेपेल का? पुढे करिअरचं नुकसान होईल का? आणि मुलीचं काय करू?

– एक डॉक्टर, सातारा जिल्हा

प्रिय डॉक्टर,

माझं मत आधीच सांगते. तुम्ही या कामाला लायक आहात आणि तुम्ही ते करून पाहावं. पण राजीनामा आत्ता देऊ नका. आधी चार-सहा दिवसांची रजा काढा, पुण्याला जा आणि मैत्रिणीच्या ओळखीने निरीक्षक म्हणून गाडीवर बसू देतात का ते विचारा. एक शनिवारची रात्र बघा आणि आठवड्यातला एखादा साधा दिवसही बघा. परवानगी मिळाली नाही, तर शहरातल्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, ओळखीच्या डॉक्टरसोबत उभ्या राहा आणि येणाऱ्या गाड्या बघा. कुणाला आणतात, कसं उतरवतात, डॉक्टर काय सांगतात, त्यांना किती वेळ थांबावं लागतं. मी महापालिकेच्या रुग्णालयात बरीच वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला होते, आणि रुग्णवाहिकेचं काम बाहेरून दिसतं त्याहून किती निराळं आहे हे तिथेच कळलं.

तुम्ही पाहिलेली रात्र खरी आहे, पण तशी रात्र फार क्वचित येते. हृदय बंद पडलं आणि त्याच क्षणी शेजारी डॉक्टर, मॉनिटर आणि शॉकचं यंत्र हजर, असा योग शहरातल्या कॉलमध्ये सहसा जुळत नाही. शॉकने सुधारू शकेल अशा बिघाडामुळे हृदय थांबलं आणि कुणी छाती दाबायला घेतली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. संध्याकाळी सातला सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली तर ही मिनिटं कुठे जातात ते मी सांगायला नको. तुम्ही पोहोचाल तेव्हा घरचे रडत उभे असतील, कुणी कांदा हुंगवत असेल, कुणी तोंडात पाणी घालत असेल, आणि छातीला हात कुणीच लावलेला नसेल. तुम्ही गुडघ्यावर बसून मिनिटाला 100 ते 120 च्या लयीत छाती दाबाल, सगळं बरोबर कराल आणि बहुतेक वेळा माणूस परत येणार नाही. असे कॉल तुमच्या वाट्याला येतील. त्यात तुमचं काही चुकलेलं नसेल. हे आधीच मनाशी पक्कं असलं, तर पहिल्या दोन-तीन मृत्यूंनंतर तुम्ही मोडून पडणार नाही.

बाकीचे कॉल कसले असतात? बाथरूममध्ये पाय घसरलेल्या आजी. दम लागलेले, पंप संपलेले काका. कळा सुरू झालेली बाई, आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला तिचा नवरा. हायवेवर नवले पुलाजवळचा अपघात. स्टेशनबाहेर पडून राहिलेला, नाव-गाव माहीत नसलेला म्हातारा. झोपेच्या गोळ्या घेतलेली कॉलेजची मुलगी. आणि या रुग्णालयातून त्या रुग्णालयात हलवायचे रुग्ण, ज्यांच्यासोबत तासन्‌तास जातात. यातले कितीतरी कॉल तुमच्या मनातल्या चित्रात नसतील. पण खरं डॉक्टरपण मला तिथेच जास्त दिसलं आहे.

फुटपाथवर पडलेल्या माणसाचंच बघा. दारूचा वास येतोय, बरळतोय, अंगावर ओकलेलं आहे. भोवतीचे लोक म्हणतात, ‘पिऊन पडलाय, रोजचंच आहे.’ शहरात असे इतके कॉल येतात की काही महिन्यांत आपलीही नजर तशीच होते. अशा प्रत्येक माणसाची साखर तपासायची. प्रत्येकाची, अपवाद न करता. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेला माणूस अगदी दारुड्यासारखाच वागतो, आणि प्यायलेल्या माणसाचीही साखर उतरते. ग्लुकोमीटरवर आकडा 34 दिसला आणि शिरेतून ग्लुकोज गेलं की तोच माणूस काही मिनिटांत उठून बसतो आणि विचारतो, ‘मी कुठाय?’ तसंच त्याचं डोकं चाचपायचं, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. दारू प्यायलेला माणूस पडतोही, आणि कवटीच्या आत रक्त साचत असलं तरी लोकांना तो पिऊनच पडलेला वाटतो. चार वर्षं नाईट करून तुम्हाला माणसाकडे नीट बघायची सवय लागली आहे, ती रुग्णवाहिकेवर सोन्याच्या मोलाची आहे.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, ती सांगते. ती म्हणजे उचलणं. रुग्णालयात तुमच्या हाताशी सिस्टर असतात, मावशी असतात, वॉर्डबॉय असतो. 108 च्या गाडीवर आपल्याकडे दोघंच असतात, डॉक्टर आणि पायलट, म्हणजे गाडीचा चालक. कसबा किंवा भवानी पेठेतल्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना, नाहीतर लिफ्ट असूनही त्यात स्ट्रेचर आडवं मावत नाही अशी इमारत. चौथ्या मजल्यावर 90 किलोचे गृहस्थ, दम लागलेला, झोपवलं तर जास्तच गुदमरतात. शहरात अंतर चार किलोमीटरचं असतं, वेळ या जिन्यात जातो. बसवून उतरवायची खुर्ची गाडीत असेल तर ठीक. नसेल तर शेजारच्या दोन पोरांना हाताशी घेऊन, त्यांना नीट सूचना देऊन, रुग्णाचा ऑक्सिजन सुटू न देता खाली यावं लागतं. यात पाठ जाते. तरुण डॉक्टर गाडी सोडतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. गुडघ्यात वाकून, वजन अंगाशी धरून, कंबर न पिळता उचलायचं तंत्र शिकून घ्या. आतापासून मांड्या आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करा. कमरेचं जुनं दुखणं असेल, तर या नोकरीचा विचार करण्याआधी ते दाखवून घ्या.

पायलटबद्दलही सांगते. त्या माणसाला नुसता ड्रायव्हर समजू नका. कोणत्या गल्लीत गाडी वळत नाही, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद असताना कुठून निघायचं, ससून रुग्णालयाच्या कोणत्या दाराशी गाडी लावायची, गर्दीचा सूर बिघडायला लागला की कधी निघायचं, हे तो तुमच्या आधी ओळखतो. दोघांचं जमलं तर 12 तासांची पाळी निभावते, नाही जमलं तर दोन तासही जड जातात. पहिल्याच दिवशी त्याचा सल्ला घ्यायची तयारी ठेवा. रुग्णाचा निर्णय तुमचा, रस्त्याचा त्याचा. मागे तुम्ही सुई टोचत असाल तेव्हा त्याला ‘सावकाश’ म्हणायचा अधिकार तुमचा आहे आणि त्याने तो मानलाच पाहिजे.

तुमचा पहिला प्रश्न, झेपेल का? अंगाला झेपण्याचं वर सांगितलं. धावपळीचं म्हणाल तर रात्री दोनला एकटीने ईसीजी वाचून योग्य निर्णय घेणारी डॉक्टर घाबरट नसते. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती तुमच्याच पत्रात आहे. तुम्हाला सकाळी पेशंटजवळ बसून रात्र कशी गेली ते विचारायला आवडतं. शहरातल्या रुग्णवाहिकेवर ती सकाळ येत नाही. माणूस कॅज्युअल्टीच्या दारात दिला, कागदावर सही घेतली, की पुढचा कॉल. तो वाचला का, पाय राहिला का, बाळ रडलं का, काहीच कळत नाही. शेतकरीदादा पेढे घेऊन आले ते तुमच्याकडे आले, तुमच्या रुग्णालयाचा पत्ता त्यांना ठाऊक होता म्हणून. ज्यांनी वाटेत शॉक दिला, त्या गाडीवरच्या डॉक्टरांपर्यंत ते पेढे पोहोचले का? बहुतेक नसावेत.

मला वाटतं, तुमचा सगळा निर्णय यावरच ठरायला हवा. रक्त, गर्दी, जागरण या सगळ्याची सवय होते. गोष्ट अर्ध्यावर सोडून निघून जायची सवय काहींना होते, काहींना कधीच होत नाही, आणि यात कमी-जास्त असं काही नाही. काही डॉक्टरांना उलट त्यातच मोकळं वाटतं. समोरच्या वीस मिनिटांत आपलं सगळं द्यायचं, आणि पुढचं ओझं पुढच्यांनी घ्यायचं. काहीजण मात्र घरी येऊन छताकडे बघत पडतात. गाडीवर बसाल त्या दिवसांत स्वतःकडे नीट बघा. तिसऱ्या-चौथ्या रुग्णाला सोडून निघताना तुमचे पाय मागे ओढतायत का? रात्री झोपताना तो म्हातारा आठवतोय का, आणि आठवला तर नुसता आठवतोय की छळतोय? पाय मागे ओढत असतील, तर तुमची जागा दाराच्या आतल्या बाजूला आहे. मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, अपघात विभागात. तिथे तुम्हाला धावपळही मिळेल आणि सकाळही मिळेल. पुण्यात अशा जागा निघतात, आणि तुमचा नाईटचा अनुभव तिथे मोजला जातो. हा पर्याय तुमच्या मनात आलेला दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

गाडीवर गेलात, तर ही खंत थोडी हलकी करायचा एक मार्ग आहे. ज्या दोन-तीन रुग्णालयांत तुमची गाडी नेहमी जाते, तिथल्या कॅज्युअल्टीतल्या एखाद्या डॉक्टरशी ओळख ठेवा. पुढच्या खेपेला, ‘परवाचे ते छातीत दुखणारे काका, त्यांचं तुमच्याकडे काय निदान झालं?’ असं विचारता येतं. यात शिकणंही होतं. गाडीत आपण जे समजलो ते बरोबर होतं का, हे दुसऱ्या कुठल्या वाटेने कळत नाही. मात्र रुग्णाची माहिती तुम्हा दोघा डॉक्टरांपलीकडे जाऊ देऊ नका, मोबाइलवर फोटो तर मुळीच नको.

रुग्ण ताब्यात देतानाचं कॅज्युअल्टीच्या दारातलं ते एक मिनिट हीच शहरातल्या रुग्णवाहिकेची मुख्य कामगिरी आहे, असं माझं ठाम मत आहे. कॅज्युअल्टीत तेव्हा चार रुग्ण आधीच आलेले असतात, कनिष्ठ डॉक्टर दमलेला असतो आणि तो तुमचं तीस-चाळीस सेकंदच ऐकणार असतो. त्यात वय, काय झालं, कधी झालं, काय आढळलं, काय दिलं, एवढं क्रमाने सांगता आलं पाहिजे. ‘कधी’ हे विसरू नका. लकव्याच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ती वेळ घरातल्या माणसाला विचारायची संधी फक्त तुम्हाला मिळते. ‘शेवटचं कधी धड बोलले होते?’ हा प्रश्न जिन्यातच विचारा. सोबत आलेला शेजारी रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं विसरलेला असतो.

त्याच दारात ‘बेड नाही’ हेही ऐकावं लागेल. बेड खरंच नसतो, तो डॉक्टर खोटं बोलत नसतो. पण 1989 च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं आहे की जीव धोक्यात असलेल्या माणसावर तातडीचे उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. भांडायला म्हणून नव्हे, पण हे माहीत असू द्या. रुग्णालयाचं स्ट्रेचर मोकळं नसलं की तुमची ट्रॉलीच अडकून पडते आणि गाडी पुढच्या कॉलला जाऊ शकत नाही. अशा वेळी चिडचिड होते. आल्याची वेळ, रुग्ण ताब्यात घेतल्याची वेळ आणि कुणी घेतला, हे नोंदीत लिहून ठेवा. नातेवाइकांनी न्यायला नकार दिला तर तोही सहीसकट. चार महिन्यांनी कुणी विचारलं, तर तुमच्या बाजूने तो कागदच बोलेल.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येते. त्यांना राग येऊ नये म्हणून गप्प बसू नका, त्यांना माहिती द्या. महाराष्ट्रात 2014 साली 108 ची सेवा सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 प्रगत म्हणजे एएलएस आणि 704 मूलभूत म्हणजे बीएलएस. इतर अनेक राज्यांत 108 च्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर ठेवायचं ठरलं. ते डॉक्टर मुख्यतः तुमच्यासारखे आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. वारीत लाखो माणसं चालतात तेव्हा याच गाड्या पालखीसोबत असतात. मामंजींच्या गावातल्या कुणाला तरी याच गाडीने साताऱ्याला पोहोचवलं असेल, त्यांना ते आठवायला सांगा. रात्री दोनला त्या शेतकऱ्याला जगवणारी व्यक्तीसुद्धा गाडीवर फिरणारी डॉक्टरच होती.

करिअरचं नुकसान होतं का? गाडीवर दोन वर्षं काम केलेल्या डॉक्टरचा हात साफ होतो. हलत्या गाडीत सलाइन लावणं, मास्क आणि बॅगने नीट श्वास देणं, नाळ कापणं, मोडलेल्या पायाला आधार देणं. पण नुसती वर्षं गेली म्हणून पुढचं दार उघडत नाही. जीव वाचवण्याच्या मूलभूत (बीएलएस) आणि हृदयाच्या प्रगत (एसीएलएस) उपचारांचं प्रशिक्षण घ्या, त्या प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षं असते, ती संपू देऊ नका. आपत्कालीन वैद्यकीय सेवेची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते का ते बघा. आणि वेळ ठरवून जा. दोन वर्षांनी पुन्हा विचार करायचा, हे आजच मिस्टरांशी बोलून ठेवा. पाच-सहा वर्षं तशीच निघून गेलेले आणि मग दवाखाना टाकायलाही उशीर झाला म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

कोणत्या गाडीवर नेमणार, हे मैत्रिणीला विचारा. तुम्ही जे पाहिलंत ते एएलएस गाडीवर घडलं, तिथे व्हेंटिलेटर, मॉनिटर, शॉकचं यंत्र असतं. बीएलएसवर साधनं कमी असतात, म्हणून डोळे आणि हात जास्त लागतात. कोणतीही असो, पाळी सुरू होताच पायलटने डिझेल बघावं तसं तुम्ही ऑक्सिजन, सक्शन, यंत्राची बॅटरी आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या स्वतः बघायच्या. लहान, बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरने तो अडीच तास पुरतो, अर्धा असेल तर सव्वा तास. एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना हा हिशोब निघण्याआधीच करायचा असतो.

धोके आहेत, ते लपवणार नाही. सर्वांत मोठा धोका रस्त्याचा आहे. रुग्णवाहिकेत मागे बसणाऱ्याला पट्टा लावायची सवय नसते आणि सीपीआर देताना तर उभंच राहावं लागतं. सायरन वाजला म्हणजे रस्ता मोकळा होतो असं नाही. वाट न देणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 10,000 रुपये दंड आहे, पण कोंडीत अडकलेल्या रिक्षाने तरी जायचं कुठे? सुसाट जाऊन दोन-तीन मिनिटं वाचतात आणि त्यासाठी तिघांचे जीव पणाला लागतात. बसता येईल तेव्हा पट्टा लावा, पायलटलाही वेगाची घाई करू नका.

सुई टोचण्याचा धोका वॉर्डापेक्षा जास्त असतो, कारण गाडी हलते. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि त्याच पाळीत सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीचा संसर्ग टाळायची औषधं शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करायची असतात आणि 28 दिवस घ्यायची असतात. ‘पाळी संपल्यावर बघू’ असं करू नका. खोकणारा रुग्ण असेल तर बंद गाडीत एन-95 मास्क आणि उघडी खिडकी, क्षयरोगाचं निदान व्हायची वाट बघायची नाही.

आणि जमाव. अपघातानंतर लोक संतापलेले असतात, गाडी उशिरा आली म्हणून राग तुमच्यावर निघतो. वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. तो लागू होतो मार खाऊन झाल्यावर. जागेवर उपयोगी पडतं ते वेगळं आहे. उतरताच मोठ्या, शांत आवाजात ‘मी डॉक्टर आहे, बघू द्या’ म्हणायचं, जमावातल्या सर्वांत जास्त ओरडणाऱ्याच्याच हातात सलाइनची बाटली द्यायची, रुग्ण आत घेऊन दार लावायचं आणि उरलेले उपचार गाडीत करायचे. तुम्ही बाई आहात म्हणून रात्रीची पाळी टाळा असं मी म्हणणार नाही. मात्र एकांताच्या जागी, दारू पिऊन भांडण झालेल्या घरात, 112 वर पोलिसांना कळवल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम पायलटसोबत पहिल्याच दिवशी ठरवा.

पगार थोडा जास्त आहे, असं तुम्ही लिहिलंत. जेवढा जास्त आहे त्यातून पुण्यातलं घरभाडं वजा करून पाहिलंत का? ही नोकरी कंत्राटी असते. नेमणूकपत्रावर मालक म्हणून नाव कुणाचं आहे, पीएफ भरतात का, अपघात विमा किती रकमेचा आहे, उपचारांबद्दल दावा झाला तर वकील कोण देणार, हे लेखी घ्या. ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) मर्यादा महिना 21,000 रुपये पगाराची आहे, तुमचा पगार त्यावर असेल तर ते संरक्षण नाही, मग स्वतःचा विमा काढावा लागेल. कंत्राट दुसऱ्याकडे गेलं तर तुमची आधीची वर्षं धरतात का, तेही विचारा. आणि पाळी संपली पण पुढचा डॉक्टर आलाच नाही, तर किती तास थांबवतात? या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात नीट मिळणार नाही. मैत्रिणीला विचारा, आणि तिच्याशिवाय आणखी दोघांना विचारा, पगार कोणत्या तारखेला होतो हेही.

राहिली मुलगी. मिस्टरांची नोकरी झेडपीची, आंतरजिल्हा बदली हातची गोष्ट नाही. म्हणजे सुरुवातीला तरी दोन घरं. मुलगी सासूबाईंजवळ राहिली तर ती आनंदात राहील, तिला तेच घर माहीत आहे. त्रास होईल तो तुम्हाला. 12 तासांच्या पाळ्या सलग करून मग दोन-तीन दिवस गावी, अशी मांडणी काही ठिकाणी करू देतात. पुणे-सातारा अंतर त्या मानाने बरं आहे. पण नाईट संपवून लगेच स्वतः गाडी चालवत खंबाटकी घाटातून घरी जायचं नाही, एसटीने जा, झोपून जा. आणि पुण्याच्या आधी एक चौकशी जिल्ह्यातच करा. महामार्गावर आणि सातारा शहरात 108 च्या गाड्या आहेत, तिथे जागा निघणार आहे का? तिथे कॉल कमी असतील, पण रुग्णासोबतचा वेळ जास्त असेल. फुरसं हा विषारी साप चावलेला, कीटकनाशक प्यायलेला, पन्नास मिनिटं फक्त तुमच्या हातात असलेला माणूस. तुम्हाला आवडलेली ती रात्र खरं तर याच कामातली आहे, पुण्याच्या नव्हे. रुग्णाजवळ बसायला आवडणाऱ्या डॉक्टरला शहरातल्या गाडीपेक्षा ही गाडी जास्त मानवेल असं मला मनापासून वाटतं. तरी पुणे बघून या. तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय मन वळणार नाही, आणि वळवूही नये.

या महिन्यात रजा टाका, मैत्रिणीला फोन करा. सासऱ्यांशी बोलताना मिस्टरांना सोबत घ्या, तुम्ही एकटीने ते ओझं घेऊ नका. आणि हेपटायटिस-बीचे तीन डोस पूर्ण झाले होते का ते आठवा, अँटिबॉडीची तपासणी याच आठवड्यात करा. आकडा 10 च्या खाली आला तर डोस पुन्हा सुरू करावे लागतील, आणि तीनही घ्यावे लागले तर शेवटचा सहाव्या महिन्यात येतो. कुठल्याही गाडीवर चढायचं असलं तरी ते आधी सुरू झालेलं असू द्या.